भाता ताबडतोब घेऊन यावा

माझी वहिनी लग्न होऊन आष्टीला आली तेव्हा तिच्यासोबत पाच भांडी, एक ट्रंक, एक गादी आणि एक धनुष्य आलं. भांडी, ट्रंक अन् गादी आईनं काही न बोलता घरात घेतली. धनुष्यापाशी येऊन थांबली.

"हे काय?"

"धनुष्य," वहिनी म्हणाली.

"ते मला दिसून राह्यलं. कशाला आणलंस?"

वहिनीनं जरा विचार केला. नवी नवरी, सासूशी पहिलंच बोलणं. बिचारी खरं ते बोलून गेली, "मारायला."

मी दाराआड उभी होते. मला असं हसू फुटलं की दोन्ही हात तोंडावर दाबून मी तिथंच खाली बसले. वहिनीनं वाकून दाराआड बघितलं, मला बघितलं, अन् तिचेही खांदे हलायला लागले. आई दोघींकडं बघत राहिली. त्या घडीपासून आमचं जे जमलं ते जमलंच.

घरात आम्ही चौघं. आई, शाळेत मराठी शिकवणारा माझा मोठा भाऊ, अकरावीत शिकणारी मी, आणि आता ही. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो आईचा. दादा शाळेत सत्तर पोरांना गप करायचा, घरात आईनं नुसती मान वळवली की स्वतः गप व्हायचा.

वहिनीचं माहेर जाफराबादच्या बाजूचं. तिच्या वडिलांनी एका भिल्ल मित्राकडून धनुष्य वळायला अन् बाण बांधायला शिकून घेतलेलं. लेकीला त्यांनी जोंधळ्याच्या राखणीला बसवलं ते गोफण न देता धनुष्य देऊन. पाखराला मारायचं नाही, पाखराच्या शेजारी मारायचं, हा त्यांचा नियम. मला आधी वाटलं हा सोपा नियम असेल. मंग एकदा वहिनीनं आमच्या परसात बांधावर वाळका भोपळा ठेवला आणि चाळीस पावलांवरून त्याचं देठ उडवलं. भोपळा जागचा हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या. आई आतून ओरडली, "काय पडलं?"

"काही न्हाई आत्याबाई, देठ पडलं!"

तेव्हा मला बाणाबद्दल एक गोष्ट कळली, अन् ती कळली नसती तर पुढचे सहा महिने माझी झोप उडाली नसती. बाणाची काडी बोरूची, टोकाला लोहारानं ठोकलेली अणी, आणि शेपटीला तीन पिसं. सगळी करामत या पिसांची. पीस ताठ उभं असलं तर बाण नाकासमोर जातो. पीस भिजलं की ते काडीला चिकटून झोपतं. वहिनी म्हणायची, "पीस झोपलं की बाण येडा होतो." दोऱ्याची बांधणी ती राळ लावून करायची, त्यामुळं ती पावसात सुटत नसे. पण पिसाला राळ लावता येत नाही. पिसाला काहीच लावता येत नाही, हे आम्हाला पुढं सगळं लावून झाल्यावर कळलं.

तिच्या वडिलांच्या मते बाणाला गिधाडाच्या पिसासारखं पीस नाही, ते पाण्याला दाद देत नाही. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथं अशी पिसं पडलेली असायची. वहिनी सहज बोलून गेली, "चार वेचून आणू का?" आईच्या हातातली परात खाली ठेवली गेली. "त्या जागेवर आपल्या घरातलं पाऊल पडणार न्हाई," ती एवढंच म्हणाली. दीक्षा घेऊन आमच्या लोकांनी मेली ढोरं ओढायचं काम सोडल्याला वीस वर्षं होत आल्ती, तरी आई त्या बाजूच्या वाटेनंसुद्धा जात नसे. वहिनीनं दोन्ही कान धरले. पुन्हा आमच्या घरात गिधाडाचा विषय निघाला नाही आणि बाणांना कोंबड्याची पिसं लागली. दिसायला देखणी, पांढरीशुभ्र, अन् पावसाला एक नंबरची भित्री.

बाहत्तरच्या दुष्काळाला चारेक वर्षं झाल्ती. त्यानंतर पाऊस पडायला लागला की अख्खं गाव दारात येऊन बघत उभं राहायचं. फक्त आमच्या घरात दोघी जणी आभाळाकडं बघून म्हणायच्या, "पुरे की आता!" आईनं हे एकदा ऐकलं आणि आम्हाला जी झाडलीय! "कोरड्या हिरीत उतरून चिखल चाटायची पाळी आल्ती ते विसरल्या का गं? पावसाला नाव ठेवता? कशासाठी, तर कोंबड्याच्या पिसांसाठी?" आम्ही खाली मान घातली. मान खाली घातली की हसू दिसत नाही, हा त्यात फायदा.

आणि त्याच पावसाळ्यात दादा शाळेतून बातमी घेऊन आला. परतूरला तालुक्याच्या महिलांच्या क्रीडा स्पर्धा होणार, त्यात धावणं, कबड्डी, संगीत खुर्ची, आणि यंदा पहिल्यांदाच तिरंदाजी. पहिली येईल ती परभणीला जिल्ह्याला जाणार. दादानं हे जेवता जेवता सांगितलं आणि वहिनीचा घास हातातच राहिला. 

रात्रीची भांडी घासताना ती मला म्हणाली, "माझा बाप लोकांना सांगतो, माझी लेक नेम चुकत न्हाई. लोक हसतात त्याला. मला तालुक्यातून एक कागद पाहिजे गं, माझं नाव लिहिलेला. त्याला नेऊन देईन." एवढं बोलून तिनं तवा असा घासला की त्यात तोंड दिसायला लागलं.

आईला विचारायचं कुणी? शेवटी वहिनीनंच विचारलं. आई म्हणाली, "मास्तराची बायको चार माणसांत धनुष्य घेऊन उभी राहणार? बिलकुल न्हाई." दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आईनंच विषय काढला, कारण गप घर तिला सोसत नसे. "एकदा," ती बोट वर करून म्हणाली. "एकदाच. पहिला नंबर आला तर खुशाल परभणीला जा, मी आडवी येणार न्हाई. न्हाई आला तर ते लाकूड माझ्या चुलीत. बराबर?"

"बराबर," वहिनी म्हणाली. लगेच म्हणाली, एक क्षणही थांबली नाही. ते धनुष्य तिच्या बापानं तिच्यासाठी वळलेलं होतं, दुसरं मिळणार नव्हतं.

मंग सुरू झाली आमची पिसं वाचवायची मोहीम. स्पर्धा ऐन पावसात, बाण सहाच, आणि घरात ओल इतकी की मीठ पाण्यात बसल्यासारखं. पहिली अक्कल माझी. बदकाच्या पिसाला तेल असतं म्हणून ते भिजत नाही, असं मी शाळेत शिकल्ते. मी दोन बाणांना खोबरेल चोपडलं. पिसं अशी चप्प बसली, जणू दादा शाळेत निघालाय भांग पाडून. वहिनी बघून इतकी हसली की तिला उचकी लागली. ते तेल काढायला रिठ्यानं धुवावं लागलं. म्हणजे पाण्यापासून वाचवायला निघालो आणि स्वतःच्या हातानं अंघोळ घातली!

दुसरी अक्कल वहिनीची. युरियाच्या पोत्याच्या आत जे प्लास्टिक असतं, ते तिनं धुऊन वाळवून बाण त्यात बांधून ठेवले. चार दिवसांनी उघडलं तर आतून घाम फुटलेला, अन् पिसांवर हिरवी बुरशी. तिसऱ्या वेळी आम्ही बाण जोंधळ्याच्या कणगीत खोचून ठेवले, की तिथं तरी कोरडं असेल. कोरडं होतंच. पण आई दळणाला जोंधळे काढायला गेली आणि दळण गिरणीत जाऊन पीठ घरी आलं तेव्हा आईच्या भाकरीतून पांढऱ्या पिसाचा एक तुकडा वर आला. दादानं तो चिमटीत धरून उजेडात बघितलं आणि विचारलं, "आई, आज कोंबडी आहे का?"

त्या दिवशी आम्ही दोघी उपाशी झोपलो असतो, पण हसून हसून पोट भरलं होतं.

पिसं अशी नासत गेली आणि नवी लागायला लागली. दादा एका शनिवारी जालन्याला निघाला होता. बस सुटली होती आणि वहिनी खिडकीसोबत पळत ओरडली, "येताना पीस! चांगलं बघून!" संध्याकाळी दादा आला, लाजत लाजत कागदाची घडी तिच्या हातात दिली, आणि आत निघून गेला. घडीत लालभडक ब्लाउज पीस. लग्नानंतर नवऱ्यानं स्वतःहून आणलेली पहिली वस्तू. तो गेला त्या दाराकडं वहिनी बघत राहिली आणि माझ्या कानात म्हणाली, "न्हाई सांगायचं त्याला. मरेपर्यंत न्हाई सांगायचं." पिसं आम्ही शेजारच्या कोंबड्याची घेतली. सरळ सांगायचं तर, त्यानं ती राजीखुशीनं दिली नव्हती.

शेवटी उपाय निघाला तो डबा. डालड्याचे दोन डबे, वरच्याचं बूड कापून, एकावर एक ठेवून कल्हईवाल्याकडून कथलाचा डाग देऊन जोडून घेतले, म्हणजे बाणाएवढा उंच एक डबा झाला. वर घट्ट झाकण, तळाला कोळशाचे तुकडे आणि चाळलेली कोरडी राख. त्यात बाण उभे ठेवले की आठ दिवसांनी काढले तरी पीस ताठ. वहिनी डब्याला कान लावून म्हणायची, "आत उन्हाळा आहे बघ." आम्ही त्याला डबाच म्हणायचो. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथूनच झाला.

स्पर्धेच्या दिवशी, रविवारी, पहाटेपासून झिमझिम. सकाळची एसटी पकडायची घाई. वहिनीनं धनुष्य मेणकापडात गुंडाळलं. डबा आणायचं काम माझं. मी डबा दारात आणला, बाण पुन्हा एकदा बघावेत म्हणून बाहेर काढले, तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. मी हाताला आलेल्या त्या लाल ब्लाउज पिसात बाण गुंडाळले आणि पळत सुटले. डबा दारातच राहिला. मला हे कधी कळलं? परतूरच्या स्टँडवर उतरल्यावर. तोपर्यंत बसच्या टपातून गळणारं पाणी माझ्या मांडीवरच्या गुंडाळीत मुरलं होतं. उघडून बघितलं तर, अगं बाई! कापडाचा रंग सुटलेला आणि सहाही बाणांची पिसं गुलाबी होऊन झोपलेली.

वहिनीनं पिसावरून बोट फिरवलं, बोट गुलाबी झालं, ते तिनं माझ्या गालाला पुसलं आणि म्हणाली, "रडू नको." मी रडत नव्हते तोवर. त्यानंतर रडले.

तिरंदाजी दुपारी तीनला होती, डब्यातली कोरडी राख मिळाली तर तोवर पिसांची ओल ओढून घेईल असं मला वाटलं. आमची बस तशीच वळून आष्टीला परत जायची होती. मी कंडक्टरला विनवण्या केल्या की ही चिठ्ठी आमच्या मास्तरांना द्या. आता दादा मराठीचा मास्तर. माझी मराठी बाजारी आहे असं तो उठता बसता म्हणायचा. मला वाटलं, हीच वेळ आहे, चांगली पुस्तकी चिठ्ठी लिहू. बाण ठेवतात त्याला पुस्तकात काय म्हणतात? भाता! मी ऐटीत लिहिलं, "दादा, पाऊस थांबत नाही. बाण ओले झाले आहेत. भाता ताबडतोब घेऊन यावा. नाहीतर सगळं बोंबललं." शेवटचं वाक्य पुस्तकी झालं नाही, पण मन मोकळं झालं.

दादाला चिठ्ठी मिळाली. त्यानं ती आईला वाचून दाखवली. मंग तो विचार करायला लागला, आणि मास्तर माणूस विचार करायला लागला की संपलंच. बाण ओले झाले. ओलं म्हणजे वाळवायला पाहिजे. वाळवायला विस्तव पाहिजे, विस्तवाला वारा पाहिजे, आणि वारा घालायला काय लागतं? भाता! लोहाराचा भाता! बरोबरच लिहिलंय पोरीनं, हुशार झाली, असंही म्हणाला म्हणे. डबा दारातच उभा होता. चपला घालताना पायात आला म्हणून दादानं तो उचलून बाजूला ठेवला.

लोहारमामांनी नुकताच हातानं फिरवायचा चाकाचा पंखा आणल्ता, त्यामुळं त्यांचा जुना भाता भिंतीला टांगलेला होता. दोन फळ्या, मधे कातडं, पुढं लोखंडी नळी, चांगलं शेळीएवढं धूड. "मास्तर, शाळेत काय करणार याचं?" लोहारमामांनी विचारलं. दादा म्हणाला, "पिसं वाळवायची आहेत." लोहारमामांनी पुढं काही विचारलं नाही. इतक्यात आई डोक्यावर पदर घेऊन, पायात चपला घालून तिथं हजर. "सगळं बोंबललं" हे शब्द तिच्या काळजात बसले होते. पोरींचं काही बरंवाईट झालं, हा आपल्यापासून लपवून राह्यलाय, अशी तिची खात्री. ती काही केल्या मागं राहीना.

एसटीत त्या भात्यानं जे केलं ते आई पुढं वर्षानुवर्षं सांगायची, सांगताना स्वतःच आधी हसायची. दादानं तो मांडीवर घेतला होता. प्रत्येक खड्ड्यात भाता मोठ्यानं सुस्कारा टाकायचा. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं तीनदा मागं वळून बघितलं आणि चौथ्यांदा दादाला म्हणाला, "मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका."

दीड वाजता आम्ही मैदानाच्या कडेला चहाच्या टपरीत बसलो होतो. पिसं झटकून, पुसून, फुंकून झाली होती, पण हवाच ओली तर काय होणार. आणि समोरून दादा आला, खांद्यावर ते धूड, मागं आई. मी बघितलं. वहिनीनं बघितलं.

"हे काय?" मी विचारलं.

"भाता," दादा म्हणाला. "ताबडतोब."

मला आधी समजेना. समजलं तेव्हा मी ओरडले, "अरे बाणाचा भाता! डबा रे, डबा!" दादाचं तोंड उघडं ते उघडंच. "मंग डबा लिहायचं ना!" तो म्हणाला. "भात्याला दोन अर्थ आहेत, मी स्वतः नववीला शिकवतो!" वहिनी बाकावरून घसरून खालीच बसली. हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी. पण ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं, मला कळत होतं. डबा आलाच नव्हता आणि आता दुसरी बस नव्हती.

आई हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती. दोघी धडधाकट आहेत हे बघून तिचा जीव भांड्यात पडला होता आणि आता तिला राग यायला सवड होती. "हसून झालं का?" ती म्हणाली. "आणलाय ना भाता? मंग पडू द्या की कामी." टपरीवाल्याच्या भट्टीत दगडी कोळसा फुललेला होता. आईनं त्याला सांगितलं, "भाऊ, सरका जरा." तो सरकला. भात्याची नळी आईनं निखाऱ्याच्या एका बाजूला लावली. दुसऱ्या बाजूला वहिनीनं पहिला बाण धरला. "फुंकणी फुंकण्यात जन्म गेला माझा," असं म्हणत आईनं भाता दाबला.

दाबला म्हणजे काय, सगळ्या अंगाचा भार टाकला. भप्पकन जाळ उठला आणि पहिल्या बाणाचं एक पीस चर्र करून निम्मं जळून गेलं. टपरीभर वास. आई भात्यावरून हात काढून अशी उभी राहिली, जशी मी तिला कधीच बघितली नव्हती, चूक झालेल्या पोरीसारखी.

"असू द्या आत्याबाई," वहिनी म्हणाली. "पाच आहेत अजून. हळू घाला वारा."

मंग आईला हात बसला. हलका वारा, लांबून. गरम झुळूक पिसावरून जायची, पीस थरथरायचं आणि एकेक केस सुटा होऊन उभा राहायचा. बघता बघता पाच बाणांची गुलाबी पिसं अशी फुलली की टपरीवाला चहा गाळायचा विसरला. आईच्या कपाळावर घाम, नाकाला राख, तोंडावर हसू. "अजून कुणाचं आहे का?" तिनं विचारलं. असं विचारायला नको होतं.

कारण तिथं सहा जणी आणखी होत्या आणि सगळ्यांचेच बाण भिजलेले. वाटूरची एक बाई होती, उंच, गप गप बसणारी. तिचे बाण सगळ्यांत जास्त भिजले होते, ती नुसतीच ते गवतावर मांडून बसली होती. वहिनीनं तिच्याकडं बघितलं, मंग भात्याकडं बघितलं. मी वहिनीचा दंड चिमटीत धरला. तिनं माझा हात सोडवला.

"या ना ताई," ती म्हणाली. "आत्याबाई, यांचेपण वाळवा."

आईनं ते सहाही बाण असे वाळवले की एक केससुद्धा करपला नाही. आमच्या बाणावर ती शिकली आणि त्या बाईच्या बाणावर पास झाली, अन् मंग बाकीच्याही ओळीनं बाण घेऊन आल्या.

तीन वाजता पाऊस उघडला. तीस पावलांवर गवत ठासलेलं पोतं, त्यावर चुन्याची तीन वर्तुळं. आतलं पाच गुणांचं, मधलं तीनचं, बाहेरचं एकचं. पदर खोचून वहिनी रेघेवर उभी राहिली आणि आईनं माझा हात घट्ट धरला. का धरला ते तिलाही माहीत नव्हतं. पहिला बाण, पाच. दुसरा, पाच. तिसरा, तीन. चौथा, पाच. पाचवा, पाच.  लोक म्हणायला लागले, "कोण आहे ही? मास्तराची का? वा रे वा!" आई शेजारच्या बाईला म्हणाली, "सून आहे माझी." त्या बाईनं काही विचारलंही नव्हतं.

आणि सहावा. तो अर्धं पीस जळालेला. वहिनीनं तो शेवटी ठेवला होता. तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ नेम धरला, थोडा डावीकडं धरला, बाण वेडा होणार हे धरूनच. सुटला तो. मध्येच असा वळला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो बाहेरच्या वर्तुळात लटकत होता. एक. सगळे मिळून चोवीस.

वाटूरच्या बाईचे झाले सव्वीस.

आई पंचांकडं गेली. मी तिला ओढत होते तरी गेली. "साहेब, तिचा एक बाण माझ्यामुळं जळाला. माझी चूक. तिला अजून एक मारू द्या." पंच भले होते, हात जोडून म्हणाले, "मावशी, नियम आहे." आई म्हणाली, "नियमाला कुणी भाता लावलाय का?" ते हसले, पण त्यांनी मारू दिला नाही. वाटूरची बाई वहिनीजवळ आली, तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली आणि निघून गेली. दुसऱ्या नंबराचा कागद वहिनीला मिळाला. नाव लिहिलेला, खाली सही. तिनं तो पोलक्यात ठेवला.

परतीच्या बसमध्ये दादानं भाता पुन्हा मांडीवर घेतला. मंग पहिला खड्डा आला आणि भात्यानं सुस्कारा टाकला. दादा खिडकीकडं बघायला लागला. दुसरा खड्डा, दुसरा सुस्कारा. वहिनीच्या नाकातून आवाज निघाला. तिसऱ्याला सगळ्यांत आधी कोण फुटलं असेल, तर आई. आम्ही चौघं आष्टी येईपर्यंत येड्यासारखे हसत होतो आणि पूर्ण बस आमच्याकडं बघत होती.

घरी आल्यावर हसू ओसरलं. दिवेलागण झाली होती. आईनं चूल पेटवली. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. वहिनीनं हातपाय धुतले, मेणकापड सोडलं, धनुष्य बाहेर काढलं, आणि दोन्ही हातांनी चुलीपुढं आणून ठेवलं. दोरी तिनं आधीच उतरवून घेतली होती.  दादा दारात उभा राहिला, आत येईना, बाहेर जाईना.

"काय हे?" आई म्हणाली, वर न बघता.

"बोलल्ते ना मी. बराबर म्हणाल्ते."

आईनं परातीतून हात काढला. पिठाचाच हात धनुष्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, सावकाश. मंग ते उचलून भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

"ओलं आहे," ती म्हणाली. "ओलं लाकूड मी चुलीत घालत न्हाई. धूर होतो. वाळू दे आधी."

 वहिनीनं गुडघ्यात तोंड घातलं. मी उठले, भिंतीपाशी गेले, आणि आईनं जिथं पिठाची बोटं उमटवली होती तिथंच हात लावून बघितला. धनुष्य खडखडीत कोरडं होतं.